माळ्यावर सापडलेला बैलजोडीचा फोटो, आणि खान्देशातल्या जुन्या फोटोंतली माणसं नि जनावरं

तापीकाठ
नमस्कार मंडळी. घराचं पत्र्याचं छप्पर काढून स्लॅब टाकायचं काम चालू आहे त्यामुळे माळ्यावरचं सगळं खाली आलं, त्यात एका ट्रंकेत धोतरात गुंडाळलेला हा फोटो सापडला. पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली शिक्का आहे त्यातलं "भुसावळ" एवढंच वाचता येतं बाकी कसरीने खाल्लं. मध्ये खुर्चीवर पणजोबा बसलेत, कोट, उपरणं, काळा फेटा. शेजारी बैलजोडी, अंगावर झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळा, एक पांढरा आणि दुसरा जवळजवळ काळा, त्याच्या तोंडावर नि पोटावर पांढरे ठिपके. मागे लाकडी चाकाची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी. पाठीमागे मोडीत काहीतरी लिहिलंय ते घरात कोणालाच वाचता येत नाही.

आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात की फैजपूरच्या काँग्रेसला नेहरूंचा रथ ओढणारी हीच जोडी. गाव यावल तालुक्यातलं आहे म्हणून अशक्य काही नाही. तर जाणकारांनी सांगावं की साल कुठलं असेल, बैल कुठल्या जातीचे आणि मोडी कोणी वाचून देईल का. आणि तुमच्याकडे असे माणसं-जनावरांचे जुने फोटो असतील तर इथेच टाका, एका जागी जमतील.

भुसावळ_जंक्शन
मस्त धागा भो. फोटो तर एकच नंबर.

पण रथाचं जरा जपून. यावलपासून रावेरपर्यंत ज्या घरात बैल होते त्या प्रत्येक घरातल्या बैलांनी तो रथ ओढलाय 😄 माझ्या आईच्या माहेरी पण हीच गोष्ट, आमच्या मामाच्या मते तर रथाला लावायला बैल कमी पडले म्हणून नेहरू खोळंबले होते. खरं इतकंच की डिसेंबर १९३६ चं फैजपूरचं अधिवेशन हे खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, मंडपाची नि कमानींची सजावट नंदलाल बोसांनी बांबू वगैरे गावातल्याच सामानाने केली आणि अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. आसपासच्या गावांनी आपापले चांगले बैल धुऊन-पुसून आणले असणारच, त्यातले रथाला कुठले नि नुसते बघायला आलेले कुठले हे आता कोण सांगणार.

आणि व्हॉट्सअपवर "फैजपूर, ५१ बैलांचा रथ" म्हणून जो फोटो फिरतो तो फैजपूरचा नाहीच. तो हरिपुराचा, १९३८, रथात सुभाषबाबू आहेत. हरिपुरा पण तापीकाठीच पण तिकडे सुरत जिल्ह्यात. दर दोन महिन्यांनी आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी टाकतं आणि मी दर वेळी हेच टाइप करतो, आता कॉपी करून ठेवलंय.

खिल्लारवेडा
पांढरा बैल खिल्लार आहे यात वाद नाही. शिंगं बघा, कपाळातून मागे जाऊन धनुष्यासारखी वर वळलेली आणि टोकाला सुईसारखी. मान आखूड, पाय काटक, पोट वर चढलेलं. पण लोक खिल्लार म्हटलं की सांगली-सोलापूर एवढंच धरून चालतात, आपल्याकडे तापी खिल्लार म्हणून वेगळी पैदास होती, ठेलारी मेंढपाळांनी राखलेली, तिला ठेलारी खिल्लारच म्हणायचे. अंगाने पांढरट आणि नाक नि खूर तांबूस, गाजराच्या रंगाकडे जाणारे. या फोटोतल्या पांढऱ्याचं नाक मात्र चांगलं काळं दिसतंय म्हणून हा तापी खिल्लार नसावा, देशावरून आणलेला असेल. आणि तो काळा तर खिल्लार नाहीच नाही. एवढा पैसेवाला माणूस जोड न जुळणारी का ठेवेल ते कळत नाही. शौकीन माणूस रंगाला रंग, शिंगाला शिंग जुळल्याशिवाय जोडी म्हणतच नाही.

रिळवाला
आमचा तीन पिढ्यांचा फोटोचा धंदा होता म्हणून थोडं लिहितो. खिल्लारवेडा साहेब, बैलाच्या रंगावरून लगेच निकाल देऊ नका.

त्या काळी ज्या प्लेटा आणि फिल्म वापरायचे त्यांना लाल रंग दिसत नसे. म्हणजे निळा, हिरवा उमटायचा पण लाल पडायचा तो काळा. ऑर्थो म्हणायचे त्याला. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा, मालाला तो लाल उजेड कळतच नव्हता. लाल धरणारी पॅन्क्रोमॅटिक फिल्म नंतर चालू झाली, मोठ्या शहरात आधी, आपल्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी जुना माल बरीच वर्षं चालला. आता हे डोक्यात ठेवून फोटो परत बघा. पणजोबांचा फेटा "काळा" आहे ना? तो लाल असणार. लग्नाच्या जुन्या फोटोंत बायकांचं कुंकू काळं ठिक्कर दिसतं, ओठ काळे दिसतात, लोक म्हणतात आजी सावळी होती, सावळी कसली, माल तसा होता. तांबूस नाकाचा बैल त्यात काळ्या नाकाचाच दिसणार. आणि काळा वाटतो तो दुसरा बैल चांगला लालभडक असू शकतो.

अजून एक. बैलांचे कान आणि शेपट्या बघा, पुसट आहेत, माणसं मात्र स्पष्ट. म्हणजे शटर सावकाश होतं, माणसाला "हलू नका" सांगता येतं, बैलाला माशी बसली की तो शेपूट मारणारच. माझे आजोबा सांगायचे की जनावराचा फोटो असला की आधी गोठ्याशेजारी धूर करायचे मग कॅमेऱ्याचं तोंड उघडायचे.

ढोरडाक्टर
रिळवाला यांनी सांगितलं त्याने माझं कोडं सुटलं. लाल अंग, त्यावर मोठे वेडेवाकडे पांढरे पट्टे, कपाळ किंचित फुगीर, तोंडावर पांढरं... हा निमाडी आहे हो. निमाड म्हणजे सातपुड्याच्या पलीकडे खरगोन, बडवानी, खंडवा. यावल-रावेर-चोपड्याला तो काही परका नाही, डोंगर उतरला की आलाच. निमाडी बैलात गीर आणि खिल्लार दोन्हींचं रक्त मानतात, म्हणून गीरचा रंग आणि खिल्लारचा काटकपणा. काळ्या चिकट जमिनीत वखराला एक नंबर. नोकरीत असताना सावद्याच्या बाजारात, वरखेडीच्या बाजारात हे बैल खूप बघितलेत, आता दिसत नाहीत, आता तिथे बाजारात निम्म्याच्या वर म्हशी आणि बाकी संकर.

जोड न जुळणारी का, याचं उत्तर साधं आहे. जोडीतला एक मेला असेल. बुळकांडी, म्हणजे गुरांची साथ आली की गावच्या गाव रिकामं व्हायचं, सकाळी हगवण लागलेला बैल तीन-चार दिवसांत संपायचा. आज तरुण डॉक्टरांना बुळकांडी फक्त पुस्तकात दिसते, २०११ साली जगातूनच संपल्याचं जाहीर झालं, देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. पण त्या काळी उरलेल्या बैलाला मिळेल तो जोडीदार घ्यायचे. आणि संवत छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० ला, आपल्या भागात चाऱ्यावाचून इतकी ढोरं मेली की पुढच्या पेरण्यांना बैल मिळेनात. ज्याच्या दावणीला त्यानंतर दोन बैल उभे राहिले त्याने फोटो काढून घेतला तर नवल काय.

खिल्लारवेडा
डॉक्टर साहेब, निमाडी असेल तर वशिंड एवढं मोठं कसं? मला गीरचा क्रॉस वाटतो.

पांझराकाठ
मोडी मी वाचू शकतो, धुळ्याला राजवाडे मंडळाच्या नादाने शिकलो. फोटोचा मागचा भाग जरा उजेडात काढून परत टाका.

तोवर माझी भर. आमच्या आबांचा एक फोटो आहे, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दिवशी गावात फोटोवाला आला होता तेव्हाचा. आबा हातात वेसण धरून उभे आणि फोटोत बैल अख्खा, आबांचं डोकं वरून कापलेलं. सगळे फोटोवाल्याला नावं ठेवतात पण मोठी आई सांगायची की आबांनीच सांगितलं होतं, "बैलना काढ रे भो, मना काय काढस." पैसे बैलाच्या फोटोचे दिले तर बैल पूर्ण यायला पाहिजे ना.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार, काय काय निघतंय यातून. फेटा लाल होता हे मोठ्या आत्याने फोनवर लगेच सांगितलं, मी काही विचारायच्या आधीच!! मागच्या बाजूचा फोटो परत टाकलाय.

पांझराकाठ
वाचलं. दोनच ओळी आहेत, शाई पसरलीय पण लागतं:

"बैल मोत्या व हरण्या. मोत्या घरचा. हरण्या सावदे बाजारी घेतला."

बस एवढंच. साल नाही, माणसांची नावं नाहीत. डॉक्टरांचा अंदाज बरोबर, एक घरचा आणि एक विकत आणलेला.

अबलख
भारी! मोडीत बैलांची नावं 👌

आमचा घोड्याचा नाद. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेतला आजोबांचा फोटो आहे, स्कॅन करून टाकतो. घोडी पंचकल्याण, चारी पाय नि कपाळ पांढरं. आजोबांनी फोटोवाल्याला बजावून सांगितलं होतं की गळ्याचा भोवरा दिसला पाहिजे, कारण देवमण, म्हणजे तो शुभ भोवरा असलेली घोडी होती आणि तो फोटो पुढच्या वर्षी गिऱ्हाइकाला दाखवायचा होता. म्हणजे ही एका अर्थी जाहिरातच. आता तिथे चेतक फेस्टिव्हल झालाय, पोरं घोड्यासोबत सेल्फी काढतात आणि घोड्याचं फक्त नाक येतं.

सातपुडा_पायथा
सगळे बैलांवर बोलताय, चांगलंय, वाचतोय. पण फोटोच्या उजव्या कडेला अर्धा माणूस आहे तो कोणालाच दिसला नाही का? दोन्ही कासरे त्याच्या हातात आहेत. डोक्याला फाटकं मुंडासं, अंगात नुसती बंडी, अर्धा चेहरा फोटोच्या बाहेर. तो कोण?

तापीकाठ
हो, दिसला. सालदार असेल. त्या काळी घरी सालदार असायचेच.

सातपुडा_पायथा
असेल काय, तोच असणार. नाव?

रागाने नाही विचारत. माझा आजा सालदार होता, बाप पण दहा-बारा वर्ष होता, म्हणून नजर तिकडेच जाते. साल आखाजीला सुरू व्हायचं आणि पुढच्या आखाजीला संपायचं, ठरलेले पैसे, ठरलेलं धान्य, पोळ्याला धोतर-बंडी. झोप गोठ्यात नाहीतर खळ्यात. पहाटे अंधारात मोट सुरू, बैल विहिरीच्या धावेवरून (उतारावरून) खाली उतरताना सालदार नाड्यावर बसून उतरायचा, बैलांना मागे सरकवत परत वर, असं ऊन चढेपर्यंत. त्या बैलांना चारा तो टाकायचा, खरारा तो करायचा, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-लोणी तो चोळायचा. बैल मालकाला ओळखत नसेल एवढा त्याला ओळखायचा. हरण्या नवीन आणलेला आहे ना, बाजारातून? नवा बैल खुर्चीतल्या माणसाजवळ असा शांत उभा राहिला तो कोणाच्या हातामुळे?

बैलाचं नाव लिहिलं, बाजाराचं नाव लिहिलं.

लेवाबोली
+१

केळीचा_घड
धागा फोटोंचा चालू आहे, बरं चाललंय, त्यात हे मालक-सालदार कशाला. त्या काळी तसंच होतं. आमच्या घरी सालदाराला घरच्यासारखं वागवायचे, आजीच्या हातचं जेवायचा.

सातपुडा_पायथा
जेवायचा ना. ताट वेगळं का एकच?

जाऊ द्या. फोटोवरच बोलतो. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ मध्ये हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो छापले, आठ खंड निघाले. त्यात भिलांचे पण आहेत. माणूस समोर उभा केलेला आणि खाली जात, सोबत ही जमात कशी स्वभावाची वगैरे मजकूर. नाव नाही. गुरांच्या जातींचे फोटो छापायचे तेही असेच, बाजूने उभा बैल आणि खाली लिहिलेलं खिल्लारी, निमाडी. म्हणजे साहेबाच्या फोटोत माझ्या आज्याला जात आणि तुमच्या बैलाला पण जात. पण आपल्याच गावातल्या फोटोत बैलाला तरी मोत्या-हरण्या नाव आहे. साहेबाकडून अपेक्षा नव्हती.

जेम्स आउटराम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ ला भिल्ल कोअर, म्हणजे भिलांची पलटण उभी केली, मुख्य ठाणं धरणगाव. आउटराम वाघ मारायचा म्हणून भिलांना आवडला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. वाघाच्या मागावर पुढे कोण चालायचं ते एका ओळीत असतं.

भुसावळ_जंक्शन
पटलं. आणि वाघावरून आठवलं म्हणून अवांतर: अजिंठ्याची चित्रं उतरवणारा मेजर गिल आमच्या भुसावळला पुरलाय. तो पुढे फोटोपण काढायला लागला, १८६४ साली त्याच्या जोडफोटोंचा संग्रह निघाला, चष्म्यासारखं यंत्र लावून बघायचे तसले. तो पण शिकारीच. खान्देशच्या आसपासचे सगळ्यात जुने फोटो शोधायचे तर तिथून सुरुवात करावी लागेल. लेण्यांच्या ओसरीत कधी कधी एखादा माणूस बसवलेला असतो, माप कळावं म्हणून. तो कोण विचारायची सोय नाही.

गिरणाकाठची
खूप दिवसांनी चांगला धागा. मी पण एक अर्धं माणूस शोधून काढते, ते म्हणजे बाई.

आमच्याकडे जुन्या फोटोंची पेटी आहे, बैलांचे फोटो, घोडीचा फोटो, एका कुत्र्याचा फोटो पण आहे, आणि एकाही फोटोत घरातली बाई जनावराजवळ नाही. आता मला सांगा गोठ्यात शेण कोण काढायचं, म्हशीची धार कोण काढायचं, कडबा कुट्टी कोण करायचं, वासरू अडलं तर रात्रभर कंदील घेऊन कोण बसायचं. आमच्या जिजीला म्हैस बोलवायला नाव घ्यावं लागत नव्हतं, नुसती बांगडी वाजली की म्हैस पान्हा सोडायची आणि दुसऱ्या कोणी हात लावला की लाथ. एकदा जिजी बाहेरगावी गेली तर आजोबांनी जिजीचं लुगडं अंगावर घेऊन धार काढली होती ही गोष्ट घरात अजून सांगतात, फोटो खरा तर त्याचा काढायला पाहिजे होता.

बाई आणि जनावर एकत्र फोटोत कधी येतात तर पोळ्याला. आमच्याकडचा पहिला असा फोटो चौकोनी आहे, काकांनी आगफा क्लिक थ्रीने काढलेला, आई बैलांचे पाय धुतेय आणि हातात पुरणपोळीचं ताट. म्हणजे कॅमेरा घरच्या माणसाच्या हातात आला तेव्हा बाई फोटोत आली. फोटोवाला बाहेरून यायचा तोवर बायका दाराआड. रिळवाला दादा, हे बरोबर आहे ना?

रिळवाला
एकदम बरोबर ताई. स्टुडिओवाल्याला बोलवायचं म्हणजे समारंभ, खुर्ची, गालिचा, कोट. क्लिक थ्री आला तो शाळामास्तर, पोस्टातले, रेल्वेतले असे पगारी लोक घेऊ लागले आणि मग मागच्या दारचे फोटो चालू झाले. १२० च्या रोलवर बारा फोटो बसायचे, चौकोनी. फोटो चौकोनी आणि घरचा असला तर साठनंतरचा धरून चाला, फार चुकणार नाही. कडा करवतीसारख्या कापलेल्या असतील तर त्याच्या थोडा आधीचा पण असू शकतो, ती फॅशन बरीच वर्षं चालली.

चाळीसगावचा
फोटो आणि खान्देश म्हटल्यावर आमच्या छायाचित्रकार केकी मूस यांचं नाव अजून कसं नाही आलं? स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्य काढलं, घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत, १९८९ ला गेले. टेबलावर वस्तू मांडून असे देखावे उभे करायचे की बघणाऱ्याला खरंच मैदान नि डोंगर वाटावेत. बंगला आता म्युझियम आहे, बघून या. खेड्याचा जुना फोटो दिसला की तो खेड्यातच काढलाय असं धरू नका एवढंच सांगायचंय. यात्रेतले फोटोवाले तर रंगवलेला पडदा मागे लावून त्यावरच्या वाघाशेजारी माणूस उभा करायचे.

ठेलारी_पोरगा
नमस्कार. वर तापी खिल्लाराच्या निमित्ताने आमचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं. आमच्या घरात जुना फोटो एकही नाही. कुठून असणार, दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन निघायचं ते पावसाला परत, सामान घोड्यावर, त्यात काचेची फ्रेम कोण नेणार. कोंबडी, कोकरू, लहान पोरगं हे घोड्यावर बांधायचं, फोटो नाही.

आजोबांचा एकच फोटो मिळाला तो दुसऱ्याच्या घरात. चोपड्याकडे एका शेतकऱ्याच्या वावरात आमच्या मेंढ्या दर वर्षी बसायच्या, खतासाठी मेंढ्या बसवतात ना तसं. त्या शेतकऱ्याच्या पोराने कॅमेरा आणला होता. मी मोठा झाल्यावर तिकडे गेलो तर त्यांच्या अल्बममध्ये आजोबा, खांद्यावर घोंगडी, काखेत कोकरू, पायाशी कुत्रा. त्यांनी खाली लिहिलंय "मेंढीवाले बाबा". मी मोबाईलने फोटोचा फोटो काढून आणला, घरी दाखवला तर आजी आधी कुत्र्याचं नाव बोलली.

म्हणून म्हणतो तुमच्या अल्बममध्ये असे कोणी परके दिसत असतील, मेंढीवाले, काठेवाडी उंटवाले, नंदीबैलवाले, तर तो फोटो फेकू नका. त्यांच्याकडे दुसरा नसतो.

लेवाबोली
हे वाचून आमच्या घरचा अल्बम परत काढते. एक उंटवाला आहे त्यात, लहान भाऊ उंटावर बसवलाय आणि दोरी धरलेला माणूस अर्धा कापलाय 😔

केळीचा_घड
सातपुडाभाऊ, ताट वेगळंच होतं. आईला विचारलं.

आमच्याकडे पण तसा फोटो आहे, ट्रॅक्टर घेतला त्या दिवशीचा, ट्रॅक्टरला हार घातलाय आणि बाजूला जुनी जोडी उभी. कासरा धरणाऱ्याचं नाव आईला माहितीय. लिहून ठेवतो.

तापीकाठ
उशीर झाला लिहायला, कारण मोठ्या आत्याकडे जाऊन आलो. नव्वदीला टेकलीय, डोळ्याला कमी दिसतं म्हणून फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवला. तिने बोट ठेवून सांगायला सुरुवात केली, "हा मोत्या, हा हरण्या, हरण्या मारका व्हता रे बाबा, बायांना जवळ येऊ देत नव्हता." फोटो तिच्या जन्माआधीचा का नंतरचा हे तिला सांगता येत नाही, पण हरण्या म्हातारा होऊन दावणीला मेलेला तिने बघितलाय, म्हणजे फोटो १९३५-४० च्या आसपासचा धरायला हरकत नाही. रथाचं विचारलं तर म्हणाली, रथ बघायला गेले व्हते, ओढायला नव्हते गेले. झालं, आमच्या घराण्याचा इतिहास संपला 😄

मग कडेच्या माणसावर बोट ठेवलं. तिने लगेच नाव सांगितलं, बायकोचं पण सांगितलं, आमच्या भिलाटीतलं तिसरं घर, आणि त्याचा मुलगा माझ्या काकांसोबत विटीदांडू खेळायचा. हरण्याला बाजारातून पायी घेऊन आलेला तोच, सावद्याहून. वाटेत बैल बिथरला तेव्हा त्याचा हात दुखावला होता, फोटोत डावा हात बंडीत खुपसलाय तो त्यामुळे, असं ती म्हणाली. इतकी वर्षं मी तो हात बघितलाच नव्हता.

नाव इथे उघड टाकत नाही. त्यांची नातवंडं गावातच आहेत, एक जण माझ्यासोबत शाळेत होता आणि हे मला माहीत नव्हतं. आधी त्यांना विचारतो. त्यांना प्रत द्यायची आहे तर रिळवाला, अर्धाच चेहरा आहे, तेवढा भाग मोठा करून चांगला निघेल का? आणि स्कॅन कुठे करू?

रिळवाला
निघेल. पण आधी काही गोष्टी करू नका. पुठ्ठ्यावरून फोटो सोडवायचा नाही, फाटतो. ओल्या फडक्याने पुसायचा नाही, नुसत्या मऊ ब्रशने धूळ झाडा. लॅमिनेशन तर अजिबात नाही, चांगले चांगले फोटो मी लॅमिनेशनमध्ये मेलेले बघितलेत. सेलोटेप पण नको. कडेला आरशासारखी चकाकी दिसतेय ती चांदी वर आलीय, ती घासू नका.

स्कॅनरवर ६०० डीपीआयला टाका, चेहऱ्याच्या भागाचं वेगळं स्कॅन १२०० ला. ब्लॅक अँड व्हाइट निवडू नका, रंगीतमध्येच स्कॅन करा, पिवळेपणातून बराच तपशील नंतर काढता येतो. स्कॅनर नसेल तर सावलीत, फ्लॅश बंद करून, मोबाईल अगदी समांतर धरून काढा. मोबाईलमधलं चेहरा सुधारणारं काही चालू असेल तर बंद, तो स्वतःच्या मनाने डोळे बनवून देतो, उरलेला अर्धा चेहरा पण बनवून देईल आणि तो त्या माणसाचा नसेल. हल्ली रंग भरून देणारे पण ॲप आहेत, त्यात हरण्या काळाच होईल आणि फेटा पण काळा, कारण त्याला ऑर्थो माहीत नाही.

नाव मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलने, पुठ्ठ्यावर, हलक्या हाताने. बॉलपेन नको, पुढे उमटतं.

सातपुडा_पायथा
तापीकाठ, प्रत देताना अख्खा फोटो द्या, नुसता कापून मोठा केलेला नको. बैल पण असू द्या त्यात. त्याने आणलेला आहे तो बैल.

तापीकाठ
हो. दोन्ही देतो.

पांझराकाठ
आणि त्यांच्या घरी कोणाला फोटोतली दमणी आठवते का विचारा. चाकाची लोखंडी धाव कोणत्या लोहाराने चढवली हे पण अशा लोकांना पाठ असतं.

खिल्लारवेडा
हे सगळं छान झालं, पण ढोरडाक्टर साहेबांनी वशिंडाचं उत्तर अजून दिलेलं नाही. मी फोटो मोठा करून बघितला, कान पण लांब आणि लोंबते आहेत. निमाडीचे कान एवढे असतात का?

ढोरडाक्टर
निमाडीत गीरचं रक्त आहे असं मी आधीच लिहिलंय, कान लांबणारच. तुमच्याकडे निमाडी बैलाचा जुना फोटो असेल तर टाका, शेजारी ठेवून बघू. आणि कासरा कोणाच्या हातात आहे ते पण लिहा.